जुन्या आउटबोर्डचं आयडलिंग: दुरुस्ती करताना ठेवलेल्या नोंदी

३ नोव्हेंबर (१ तास)

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. हे टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर एकावर एक, प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), २५ हॉर्सपॉवर, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक) इग्निशन. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ५०:१. वय तीसच्या आसपास. दोन हंगाम झाकून ठेवलेलं होतं आणि टाकीत, पाइपात, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल तसंच राहिलेलं.

आज पाण्याच्या पिंपात उभं करून चालू केलं. तिसऱ्या झटक्याला लागलं. मूठ अर्ध्याच्या वर फिरवली की आवाज भरलेला आणि सलग. मूठ सोडली की, म्हणजे आयडलला (सर्वांत कमी वेगाला), इंजिन थडथडायला लागतं, पाच-दहा सेकंदांनी कार्ब्युरेटरच्या तोंडातून ‘फट्’ असा शिंकल्यासारखा आवाज येतो आणि गियर टाकला की बंद पडतं.

मी काय केलं तर आयडलचा स्क्रू आत फिरवत गेलो. सुमारे १,२०० आरपीएमला इंजिन तग धरायला लागलं आणि आजचं काम झालं असं मानून झाकण लावलं. मॅन्युअलमध्ये गियरमध्ये ७५० आरपीएम, ५० इकडे-तिकडे, असं दिलेलं आहे. १,२०० ला गियर टाकला की खालून ‘खटॅक’ असा दणका बसतो. तरीही पाच-सहा वेळा गियर टाकून पाहिला. ही चूक मुद्दाम पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो, कारण तिचा हिशेब पुढे येणार आहे.

४ नोव्हेंबर (३ तास)

इंधनापासून सुरुवात. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवलं. तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर बसला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, आणि मर्यादेबाहेर पाणी साचलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला उतरतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त वाईट, कारण त्या तळाच्या थरात ऑइल जवळपास नसतंच. म्हणजे काल मी इंजिन कोरडं चालवण्याचा धोका पत्करला होता. सगळं पेट्रोल काढून टाकलं, टाकी धुऊन वाळवली, २० लिटर ताज्या पेट्रोलमध्ये ४०० मि.ली. टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं) ऑइल घातलं.

मग पाइप. त्यातला रबरी बल्ब (हाताने दाबून इंधन पुढे ढकलायचा) कितीही दाबला तरी पूर्ण कडक होत नव्हता. इंजिनाकडच्या कनेक्टरजवळ हातभर पारदर्शक नळी मधे जोडून पाहिली, तर इंधनाबरोबर बुडबुड्यांची माळ. कनेक्टरमधली ओ-रिंग एका जागी कापलेली निघाली. अशा जागी पेट्रोल गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून बाहेरून पाहून काहीच कळत नाही. पाइप आतून सोलत होता, म्हणून ओ-रिंग, पाइप आणि बल्ब तिन्ही बदललं. बल्बवरचा बाण इंजिनाकडे. पहिल्यांदा दाबताना बल्ब उभा धरला, बाण वर, म्हणजे आतले व्हॉल्व नीट बसतात.

बल्ब आता दगडासारखा कडक होतो. आयडल मात्र होतं तसंच. वाईट वाटलं, पण हे करायलाच हवं होतं.

५ नोव्हेंबर (२ तास)

प्लग काढले. वरचा काळा, तेलकट. खालचा फिकट आणि जवळपास कोरडा. हे पाहिलं, वहीत लिहिलं, आणि त्याचा अर्थ न लावता पुढे गेलो. पुढचे कितीतरी तास इथेच गेले.

कॉम्प्रेशन मोजलं तर दोन्हीकडे ९५ पीएसआय. रिंगा गेल्या असं समजून संध्याकाळभर अस्वस्थ होतो. रात्री मॅन्युअल उघडल्यावर कळलं की मी थ्रॉटल बंद ठेवून मोजलं होतं. थ्रॉटल पूर्ण उघडा, दोन्ही प्लग बाहेर, दोन्ही कॅप इंजिनाच्या धातूला अर्थ केलेल्या, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची, अशी पद्धत आहे. पुन्हा मोजलं, तर वर ११८, खाली १२०. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो. दोन सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे, हे खरं महत्त्वाचं.

स्पार्क टेस्टरवर दोन्हीकडे ठिणगी १० मिलिमीटर सहज ओलांडते, निळी आणि कडक. इग्निशनला हात लावायचा नाही हे ठरलं. नवे प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्याच नंबरचे घातले, गॅप १ मिलिमीटर. फरक शून्य.

८ नोव्हेंबर (दीड तास)

ज्या चाचणीने सुरुवात करायला हवी होती ती आज केली. कुठला सिलिंडर काम करत नाही?

चालू इंजिनाची प्लग कॅप ओढून हवेत मोकळी सोडू नये. ठिणगीला जायला वाट राहिली नाही की कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो. शिवाय उघड्या कार्ब्युरेटरशेजारी ठिणगी उडवणं म्हणजे आगीला बोलावणं. मी इंजिन बंद करून एका कॅपमध्ये जुन्या स्क्रूचं टोक घट्ट बसवलं, तिथून तार काढून ब्लॉकला अर्थ दिला, आणि मग इंजिन उरलेल्या सिलिंडरवर चालू करायचा प्रयत्न केला.

खालचा सिलिंडर असा बंद केला, तर इंजिन लागलं आणि आधी चालत होतं जवळपास तसंच चाललं. वरचा बंद केला, तर दोन वेळा कण्हून थांबलं. म्हणजे आयडलला इंजिन एकट्या वरच्या सिलिंडरवर चालत होतं. खालचा मधूनच पेटायचा, तेव्हा ती शिंक यायची.

आता एकच प्रश्न उरला: खालच्याला काय कमी पडतंय? कॉम्प्रेशन आहे, ठिणगी आहे. प्लग कोरडा आहे. वाळवून काढलेल्या छोट्या बाटलीतून ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा बारीक फवारा खालच्या कार्ब्युरेटरच्या तोंडात मारला आणि दोन-तीन सेकंद इंजिन असं मऊ चाललं की मी ते ऐकतच राहिलो. मग पुन्हा थडथड.

खालचा सिलिंडर आयडलला उपाशी आहे. हे वाक्य ५ तारखेच्या प्लगवर आधीच लिहिलेलं होतं.

९ नोव्हेंबर (५ तास)

दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच वेळी उघडले. असं करू नये. वरच्या आणि खालच्या कार्ब्युरेटरची जेट (इंधन मापून सोडणारे बारीक छिद्राचे पितळी भाग) सारखीच असतील असं मी धरून चाललो होतो. काही इंजिनांत ती वेगळी असतात आणि माझ्यातली मेन जेट वेगळी निघाली. वाचलो ते केवळ जेटवर कोरलेल्या आकड्यांमुळे आणि पार्ट्स बुकातल्या यादीमुळे. दीड तास जेट भिंगाखाली धरून जुळवण्यात गेला. एक उघडा, साफ करा, जोडा, बाजूला ठेवा आणि मगच दुसरा घ्या.

खालच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत (इंधन साठतं तिथे) तळाला सोनेरी चिकटा, वाळलेल्या डिंकासारखा. पायलट जेट (आयडलचं) उजेडापुढे धरलं तर छिद्र दिसेना. ते तांब्याच्या तारेच्या एका धाग्याने मोकळं केलं. पोलादी तार किंवा सुई घालायची नाही, पितळी छिद्राचं माप बिघडतं आणि मग ते जेट टाकूनच द्यावं लागतं. कार्ब्युरेटर क्लीनर सगळीकडे मारला. रबरी ओ-रिंगा आणि फ्लोट (वाटीतला तरंगणारा भाग) आधी बाजूला काढले होते, ते त्या द्रवात फुगतात.

फ्युएल पंपही उघडला. पडदा फाटलेला नव्हता पण कडक झाला होता, किट बदलला. पंप क्रॅंककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीच्या) दाबावर चालतो, त्यामुळे पडद्याला भोक पडलं तर कच्चं पेट्रोल थेट त्या सिलिंडरच्या क्रॅंककेसमध्ये जातं. पडदा उजेडापुढे ताणून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

जोडलं, चालू केलं. आयडल तसंच. शिवाय खालच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपकायला लागलं.

१० नोव्हेंबर (२ तास)

टपकण्याचं कारण माझंच. फ्लोटची पिन बसवताना जीभ किंचित वाकली होती, त्यामुळे नीडल (वाटी भरली की इंधन अडवणारी सुई) वेळेवर बंद होत नव्हती. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावली, नीडल आणि तिची बैठक नवी घातली. बल्ब कडक करून दहा मिनिटं ठेवलं, थेंब नाही.

बल्बची एक चाचणी सांगून ठेवतो. इंजिन वेडंवाकडं आयडल होत असताना बल्ब हळूच दाबायचा. सुधारलं, तर इंधन पोचत नाही, म्हणजे पंप, पाइप किंवा टाकी पाहा. आणखी बिघडलं, तर कुठेतरी जास्त जातंय, नीडल पाहा. माझ्याकडे काहीच फरक पडला नाही. म्हणजे वाटीपर्यंत इंधन बरोबर येतंय आणि अडचण वाटीच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या पोटात आहे.

१४ नोव्हेंबर (४ तास)

खालचा कार्ब्युरेटर पुन्हा उतरवला. या वेळी घाई केली नाही. प्रत्येक छिद्रात बारीक नळीने क्लीनर मारायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं, एवढंच ठरवलं. डोळ्यांवर चष्मा हवाच, फवारा उलटा तोंडावर येतो.

पायलट जेटच्या वाटेतून मारलेला क्लीनर थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या तीन सूक्ष्म छिद्रांतून यायला हवा. वरच्या कार्ब्युरेटरमध्ये तिन्हींतून धारा आल्या. खालच्यात एकातून थेंब, दोन बंद. आयडलला आणि मूठ जराशी उघडताना सिलिंडरला जे काही मिळतं ते याच छिद्रांतून. मोठ्या थ्रॉटलला मेन जेट काम करतं, म्हणून वेगात सगळं छान आणि आयडलला उपासमार.

या छिद्रांच्या मागे एक छोटी पोकळी असते आणि तिच्यावर धातूची टिकली ठोकून बसवलेली असते. ती काढल्याशिवाय पोकळी साफ होत नाही. ९ तारखेला मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली, टिकलीच्या मधोमध हाताने फिरवत ३ मिलिमीटरचं छिद्र पाडलं आणि स्क्रू अडकवून टिकली उचलली. ड्रिल जरा जरी आत घुसलं तर खालची छिद्रं जायबंदी होतील, म्हणून मशीन वापरलं नाही. टिकली काढण्याआधी नवी हातात असू द्या, जुनी परत बसत नाही.

आत हिरवट, कडक, मेणासारखा थर. भिजवला, तांब्याच्या धाग्याने खरवडला, पुन्हा भिजवला. असं पाच-सहा वेळा. शेवटी तिन्ही छिद्रांतून सरळ, सारख्या धारा आल्या. नवी टिकली सपाट पंचने एकाच ठोक्यात बसवली, कडेने पेट्रोलला टिकणारं सीलंट लावलं आणि रात्रभर वाळू दिलं.

१५ नोव्हेंबर (३ तास)

सकाळी चालू केलं. खालचा सिलिंडर पेटतोय! आयडलचा स्क्रू मागे घेता घेता ९०० पर्यंत आलो, इंजिन चालू राहिलं. त्याच्या खाली उतरलं की अजून शिंक, पण आता मिनिटातून एक-दोनदा.

मग मिश्रणाचा स्क्रू लावायला घेतला आणि अर्धा दिवस वाया घालवला. मोटरसायकलवर ज्या स्क्रूची सवय होती तो हवेचा: आत फिरवला की हवा कमी, मिश्रण दाट. इथेही तसंच असेल असं समजून शिंक आली की स्क्रू आत, अजून आत. प्रत्येक वेळी आणखी बिघडत गेलं. या कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू थ्रॉटलच्या पाकळीच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला आहे. तिथला स्क्रू मिश्रणाचीच वाट उघडतो, त्यामुळे बाहेर फिरवला की दाट आणि आत फिरवला की पातळ. मी उपाशी सिलिंडरचं तोंड आणखी आवळत होतो. स्क्रू हवेच्या तोंडाकडे असेल तर बहुधा हवेचा, इंजिनाकडे असेल तर इंधनाचा. पाच मिनिटं कार्ब्युरेटर हातात फिरवून पाहिलं असतं तर कळलं असतं.

त्याच भरात स्क्रू तळाला टेकल्यावरही मी जोर लावला होता. काढून पाहिला तर निमुळत्या टोकाभोवती गोल खाच. असं टोक पुन्हा नीट बसत नाही, नवा स्क्रू मागवावा लागला. स्क्रू बोटांच्या चिमटीत धरून अलगद टेकवायचा आणि तिथून मॅन्युअलमधले फेरे मोजायचे. माझ्या इंजिनाला पावणेदोन.

नवा स्क्रू, पावणेदोन फेरे. ८५० ला चालतं. त्याखाली शिंक कायम.

१६ नोव्हेंबर (२ तास)

कार्ब्युरेटरपुढचा सायलेन्सर काढून इंजिन चालू ठेवलं आणि दोन्ही तोंडांपुढे पांढरा कागद धरला. वरच्यापुढचा कागद जवळपास कोरडा. खालच्यापुढे काही सेकंदांत तेलकट ठिपके. बॅटरीच्या उजेडात त्या तोंडापुढे तुषारांचा पुंजका तरंगताना दिसतो.

कार्ब्युरेटर आत ओढायचं सोडून बाहेर थुंकत असेल तर संशय रीड व्हॉल्ववर. पिस्टन वर जाताना क्रॅंककेसमध्ये मिश्रण येतं, खाली येताना रीडच्या पाकळ्या मिटून ते अडवतात. पाकळी नीट मिटली नाही की काही भाग परत येतो. वेगात ते भरून निघतं, आयडलला नाही. दुसरी शक्यता क्रॅंकच्या खालच्या सीलची होती, पण ते सील पॉवरहेड (इंजिनाचा वरचा मुख्य भाग) उतरवल्याशिवाय हाती लागत नाही. रीड मॅनिफोल्डचे सहा बोल्ट काढले की समोर येतात. आधी सोपं.

पाच बोल्ट निघाले. सहावा अर्धा फेरा फिरला, मग रबरासारखा मऊ झाला आणि तुटला.

१७ आणि १८ नोव्हेंबर (मिळून १० तास)

तुटलेल्या बोल्टचे दोन दिवस. अॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट आणि त्यात खारं पाणी मुरलेलं, म्हणजे दोन्ही धातू गंजून एकमेकांत गुंततात. हे माहीत असूनही मी सरळ पाना लावून ओढलं होतं.

मॅनिफोल्ड निघाल्यावर बोल्टचं ४ मिलिमीटर टोक वर राहिलं होतं. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवलं. सकाळी ते पूर्ण पुसून काढलं (इंधनाचे पाइप आणि कार्ब्युरेटर आधीच दूर ठेवलेले), हीट गनने आजूबाजूचं अॅल्युमिनियम तापवलं, पकडीने पकडलं. टोकही तुटलं. आता बोल्ट पृष्ठभागाला समपातळीत.

ड्रिल करण्यावाचून मार्ग उरला नाही. क्रॅंककेसचं तोंड शेजारीच उघडं, तिथे पोलादाचा एक कण गेला तर बेअरिंगचं काम संपलं. तोंडात ग्रीस लावलेलं कापड कोंबलं, वरून चिकटपट्टी, ड्रिललाही ग्रीस म्हणजे कीस चिकटून राहतो. पंचने मध्य काढला, २.५ मिलिमीटरपासून सुरुवात केली. ३.२ ला पोचेपर्यंत लक्षात आलं की ड्रिल मधून जवळपास एक मिलिमीटर सरकलंय. तुटलेलं टोक तिरकं होतं आणि मी ते कानशीने सपाट केलं नव्हतं. उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने थोडं हललं, पण निघेपर्यंत एका बाजूचे आटे गेले.

शेवटी ६.३ मिलिमीटर ड्रिल, हेलिकॉइलचा टॅप, आणि एम६ ची हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवली. बोल्ट आता मूळच्यापेक्षा चांगला धरतो. धाकटा भाऊ दोन्ही दिवस व्हॅक्यूमची नळी धरून उभा होता. “दादा, थांब जरा, हात थरथरतोय तुझा,” असं त्याने म्हटलं नसतं तर टॅपही आत तुटला असता.

पुढच्या वेळी असं करीन: दोन दिवस आधीपासून तेल, रोज थोडी उष्णता, पाना लावल्यावर आधी केसभर घट्ट आणि मग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. बोल्ट मऊ लागला की थांबायचं. त्या क्षणी तो तुटलेला नसतो, तुटायच्या बेतात असतो.

२२ नोव्हेंबर (३ तास)

रीड. वरच्या सिलिंडरच्या पाकळ्या ठीक, बैठकीपासून कुठेही ०.१ मिलिमीटरहून जास्त अंतर नाही. खालच्यातली एक पाकळी टोकाला ०.६ मिलिमीटर उघडीच. मर्यादा ०.२. शिवाय कोपऱ्याचा बारीक तुकडा उडालेला. तो तुकडा कधी आणि कुठून बाहेर गेला ते कळायला मार्ग नाही, सिलिंडरमध्ये ओरखडे नाहीत एवढं प्लगच्या छिद्रातून बॅटरी टाकून पाहिलं. पाकळी उलटी करून बसवण्याचा सल्ला मिळाला होता. मी तो मानला नाही. वाकून थकलेली पाकळी उलट्या बाजूने वाकवली की तडकते, आणि तिचे तुकडे आतच जातात.

खालचा पूर्ण संच नवा, गॅस्केट नवं. बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस, ८ न्यूटन-मीटरला मधून बाहेरच्या क्रमाने आवळले.

कार्ब्युरेटर बसवल्यावर दोन्ही थ्रॉटल जुळवले. दोन्हींना जोडणाऱ्या पट्टीचा स्क्रू सैल केला, दोन्ही पाकळ्या आपापल्या स्प्रिंगने पूर्ण मिटू दिल्या, मग स्क्रू आवळला. आधी खालची पाकळी वरचीपेक्षा कागदाच्या जाडीइतकी उघडी राहत होती. मूठ हळूहळू फिरवताना दोन्ही एकाच क्षणी हलायला हव्यात. टायमिंगची खूण तपासली, बरोबर होती, हात लावला नाही. फ्लायव्हील हाताने फिरवताना घड्याळाच्या दिशेनेच. उलटं फिरवलं की पाण्याच्या पंपाच्या रबरी पाकळ्या उलट्या वळतात.

पिंपात चालू केलं. पाच मिनिटं सुरेख, मग पुन्हा थडथड. मी खाली बसलो. भावाने पिंपाचं झाकण आणि त्यावरचा धूर दाखवला. पिंपात एक्झॉस्ट कोंडतो, वर येऊन इंजिनाच्या झाकणाखाली शिरतो आणि इंजिन स्वतःचाच धूर ओढतं. दोन आठवडे मी पिंपातल्या आयडलवर विश्वास ठेवून निर्णय घेत होतो. त्यातले किती चुकीचे असतील देव जाणे.

२३ नोव्हेंबर (३ तास)

होडी पाण्यात. पुढे-मागे दोन्हीकडून दोर बांधले, भाऊ दोराशी. इंजिन दहा मिनिटं गरम केलं, प्लगच्या वायरीवर लावायचा आरपीएम मीटर लावला, पुढचा गियर टाकला. आयडल इथेच लावायचं: पाण्यातला एक्झॉस्टचा उलटा दाब आणि पंख्याचा भार असल्याशिवाय लागलेलं आयडल खोटं असतं.

आधी वरचा सिलिंडर. स्क्रू एक अष्टमांश फेरा आत, वीस सेकंद थांबायचं. पुन्हा एक अष्टमांश, पुन्हा थांबायचं. इंजिनाला बदल कळायला वेळ लागतो, घाईत दोन बदल एकावर एक चढतात. शिंक आली तिथून पाव फेरा बाहेर. मग खालचा, त्याच रीतीने. वरचा दीड फेऱ्यावर स्थिरावला, खालचा पावणेदोनवर. खालच्या स्क्रूला आता प्रत्येक हालचालीचा प्रतिसाद मिळतो. स्क्रू थोडा दाट बाजूलाच ठेवला. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रणातूनच ऑइल जातं, पातळ ठेवून आयडल गोड करायचा मोह नको.

गियरमध्ये ७६०, न्यूट्रलला ८५०. वीस मिनिटं तसंच ठेवलं. मूठ एकदम उघडली तरी अडखळत नाही. ८ तारखेला तीन सेकंद ऐकलेला तो मऊ आवाज वीस मिनिटं ऐकला. भाऊ दोर सोडून शेजारी येऊन बसला, दोघंही काही बोललो नाही.

आजवरचे तास ३९.५. नवे भाग: ओ-रिंग, पाइप, बल्ब, दोन प्लग, पंपाचा किट, फ्लोटची नीडल आणि बैठक, टिकली, मिश्रणाचा स्क्रू, खालच्या रीडचा संच, गॅस्केट, एक बोल्ट, एक हेलिकॉइल. यातला स्क्रू, बोल्ट आणि हेलिकॉइल माझ्या हातामुळे. प्लगचीही गरज नव्हती.

७ डिसेंबर

दोन आठवड्यांत आठ फेऱ्या झाल्या. प्लग काढून पाहिले, दोन्ही सारखे तपकिरी. आयडल ७५० च्या आसपास, गार असताना सुरुवातीचं मिनिटभर चोक लागतो, मग नाही. आता घरी परतताना कनेक्टर काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो, अर्थात पाण्यात असतानाच.

गियर टाकताना मात्र ७५० लाही हलका खटका जाणवतो, आणि पुढच्या गियरमध्ये जोर दिला की क्वचित एकदा सुटल्यासारखा होतो. आज गियरबॉक्सचं ऑइल काढलं. दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. पण ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर टोकदार बारीक तुकडे होते, नखाने उचलता येण्याइतके. ३ नोव्हेंबरला १,२०० आरपीएमवर टाकलेले पाच-सहा गियर. डॉग क्लचच्या (गियर अडकवणाऱ्या दातेरी कड्याच्या) कडा झिजलेल्या असणार. पुढच्या आठवड्यात खालचा भाग उतरवतो. या वेळी बोल्टांवर तेल आजपासूनच सोडायला सुरुवात केली आहे.